राजहऱ्याहून आलेला आकडा

माझ्या भाऊजींइतका खरं बोलणारा माणूस मी आजवर पाहिलेला नाही, आणि दुसरा पाहण्याची ताकद आता माझ्या अंगात उरलेलीही नाही. लोक खरेपणाचे गोडवे गातात, कारण ते असल्या माणसाच्या घरात आठ दिवस राहिलेले नसतात. मी पाच वर्षं राहिलो. भिलाईचा कारखाना उभा राहत होता, नोकरीसाठी भंडाऱ्याकडून निघालेला मी थोरल्या ताईच्या क्वार्टरात वळकटी टाकून पडलो होतो, आणि ताईचे यजमान, म्हणजे हे भाऊजी, कारखान्याच्या टेलिफोन दुरुस्तीत होते. कामावर यायला तीन मिनिटं उशीर झाला आणि टाइमकीपरनं भल्या मनानं काणाडोळा केला, तर हा माणूस त्याच्या खिडकीत डोकं घालून "तीन मिनिट लेट लिवा साहेब" म्हणत ठाण मांडायचा. मागे रांग तुंबायची आणि त्यात माझ्यासारखे वेळेवर आलेले निष्पाप लोक लेट व्हायचे! ताईला बघायला आले तेव्हा आमच्या बाबांनी रीत म्हणून विचारलं, "काही सवय वगैरे?" तर म्हणे, "घोरतो." आणि कोणत्या कुशीवर जास्त, तेही सांगितलं.

या गृहस्थांना नाद होता रेडिओचा. गाणी ऐकण्याचा नव्हे; स्वतः यंत्र बांधायचं, सरकारी परीक्षा देऊन लायसन काढायचं आणि कुठल्याशा अनोळखी माणसाला हाका मारत बसायचं. हाक पोचली की समोरचा दोन आकडे सांगतो. पहिला, बोलणं किती समजलं ते, पाचपैकी. दुसरा, आवाज किती जोरात आला ते, नऊपैकी. इथवर माझी काही तक्रार नाही. पण भाऊजी तेच आकडे घरातही द्यायचे. ताईनं जीव ओतून पाटवडीचा रस्सा करावा, पाहुण्यांनी बोटं चाटावीत आणि भाऊजींनी शांतपणे म्हणावं, "चार-सहा." ताई कडाडायची, "दुनियेले नऊ-नऊ वाटता, अन् मले सहा कावून?" त्यावर, "मागच्या बुधवारी सात होता. तवा सातच सांगतला होता का नाई?" बुधवार बरोबर असायचा, म्हणून तर जास्त संताप यायचा.

एवढ्यावर भागलं असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो. पण साध्या लहरींवर सिलोन-बर्माशी बोलून कंटाळा आला, तेव्हा यांनी तीन सेंटिमीटरची लाट धरली. ही लाट टॉर्चच्या झोतासारखी सरळ जाते, वाटेत टेकडी आली की संपली. ती काढायची नळी त्यांनी जबलपूरच्या भंगारवाल्याकडून आणली होती, लढाईतल्या रडारमधली. झोत फेकायला खोलगट तबकडी हवी, म्हणून मागच्या अंगणात सिमेंटचा साचा ओतला आणि त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा लाकडी हातोडीनं ठोकायला सुरुवात केली. सलग चार महिने ठण् ठण् ठण्! सी शिफ्ट करून आलेले शेजारी दिवसा झोपायचे, ते उठून भांडायला यायचे. भाऊजी त्यांना पाणी द्यायचे आणि म्हणायचे, "तुमचं बरोबर हाय. अजून दीड महिना लागते." थोडं खोटं बोलून "झालंच, दादा" म्हणायला काय जात होतं?

या लाटेवर बोलायला आसपासच्या मुलखात एकच माणूस होता, राजहऱ्याच्या खाणीवरचा सर्व्हेअर. बंगाली, अविवाहित आणि तितकाच वेडा. तो तिथल्या डोंगरावर तबकडी लावणार आणि हे भिलाईच्या सपाटीवरून नेम धरणार. मधे चाळीसेक मैल. दक्षिणेला मोकळं रान हवं म्हणून रुआबांध्याच्या तळ्याची पाळ ठरली. थंडीतली सकाळ, कारण गार धुक्यात ही लाट जास्त लांब पोचते म्हणे; शिवाय दोघांची एकाच दिवशी सुट्टी. असा योग महिन्यातून एकदा यायचा आणि त्या दिवशी सायकलच्या कॅरिअरला तबकडी बांधून, माझ्या डोक्यावर मोटारीची बॅटरी देऊन आमची वरात निघायची. मी! मॅट्रिक पास, कारखान्याचा कारकून! पाळीवर गावातला एक म्हातारा म्हशी पाण्यात सोडून दर खेपेला आम्हाला बघत बसे. पहिल्या दिवशी त्यानं विचारलं, "ये कराही मा का रांधहू बाबूजी?" ही कढई नाही, हे भाऊजींनी त्याला अर्धा तास समजावलं. म्हातारा सगळं ऐकून म्हणाला, "राजहरा जाए बर त रेलगाड़ी हवय ना." राजहऱ्याला जायला आगगाडी आहे, मग ही उठाठेव कशाला? त्या पाळीवर शहाणा तो एकटाच.

आता त्यांचा नियम सांगतो, कारण माझं रक्त तिथंच उकळतं. प्रत्येकानं त्या सकाळी मनात एक आकडा धरायचा आणि तो या तीन सेंटिमीटरच्या लाटेवरूनच दुसऱ्याला पाठवायचा, टिकटिक करत, तारेच्या भाषेत. दुसऱ्यानं तो याच लाटेवर ऐकला तरच भेट झाली. नेम कुठं चुकतोय हे बोलायला जवळ दुसरा, साधा सेट असायचा. पण त्यावर आकडा सांगायचा नाही; एकदा आकडा कळला की खरखरीतही तोच ऐकू येतो, म्हणे. तो साधा सेट माझ्या कानाला. "तू फक्त आयक," भाऊजी बजावायचे, "बोलू नको. तुह्यापाशी लायसन नाई." तीन हिवाळे आम्ही गेलो. तीन हिवाळे भाऊजींच्या कानात नुसती खरखर. आणि तिसऱ्या हिवाळ्यात सर्व्हेअरची बदली आसामात झाली. दुपारच्या गाडीनं तो निघणार, सकाळी शेवटचा डोंगर चढणार. त्या दिवशी जमलं नाही तर कधीच नाही, हे आम्ही तिघंही जाणून होतो.

धुकं होतं. भाऊजी गुडघ्यावर बसून तबकडी केसाएवढी केसाएवढी हलवत होते. अचानक माझ्या कानात बंगाली बाबू किंचाळला, "मिल गया दादा! आपका बारा मिल गया! मेरा सुनो, सैंतीस! सैंतीस भेज रहा हूँ!" भाऊजींचा आकडा खरंच बारा होता. मी उडालोच. तीन वर्षं डोक्यावर बॅटरी वाहिलेला माणूस मी. मी दोन्ही हात वर करून बोंब ठोकली, "भाऊजी, सदतीस! सदतीस येऊन राह्यला!"

भाऊजींनी मान वळवली. कानावरचा हेडफोन हळूच उतरवला.

"तू कावून सांगतलं मले?"

"अहो, पोचलं ना त्याले!"

"त्याले पोचलं. मले नाई." त्यांनी साध्या सेटवरून बाबूला नवा आकडा धरायला सांगितलं. बाबूनं आधी शिव्या दिल्या आणि मग धरला. पण ऊन वर आलं, धुकं विरलं, आणि त्याबरोबर ती लाटही विरली. दहा वाजता बाबू म्हणाला, "दादा, गाड़ी है." भाऊजींनी वहीत लिहिलं: भेट झाली नाही.

मी त्यांच्याशी आठवडाभर बोललो नाही. त्याच्या कानात बारा गेला, ह्यांच्याकडे सदतीस आला, आणि भेट झाली नाही? ताईसुद्धा पहिल्यांदा माझ्या बाजूनं भांडली. पण भाऊजी काही विरघळले नाहीत.

पुढे मी वेगळं क्वार्टर घेतलं, लग्न केलं. भाऊजी रिटायर झाले त्या वर्षी एकदा दुपारी त्यांच्याकडे गेलो होतो. तो विषय मीच काढला, भांडायलाच. तेव्हा ते पंख्याकडे बघत म्हणाले, "आवाज आला होता रे मले. अगदी बारीक, टिकटिक टिकटिक. तीन अन् सात. पण तू वरडला त्याच्या आंधी आला का मंग, ते समजूनच नाई राह्यलं. एवढी वर्षं इचार करून राह्यलो."

माझं भांडण तिथंच राहिलं. मी म्हणालो, "आधीच आला होता, भाऊजी. तुमची मान आधी हलली, मंग मी वरडलो. मी पाह्यलं ना!"

ते एकदम ताठ बसले. असा चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. उठून त्यांनी ती जुनी वही आणली, पान काढलं आणि पेन उघडून माझ्या हातात दिलं. "साक्षीदार म्हणून लिव. सही कर."

मी आयुष्यभर राईचा पर्वत करत आलो आहे. एका सहीनं कोणाचं काय बिघडणार होतं? बाबू आसामात हरवला होता, विचारणारं कोणी नव्हतं. मी पेन टेकवलं. शाईचा एक ठिपका उमटला. मी डोळे मिटून ती पाळ आठवत राहिलो, धुकं, त्यांची पाठ, त्यांची मान. मान आधी हलली होती का? मला काही केल्या दिसेना.

बऱ्याच वेळानं भाऊजींनी माझ्या हातातून पेन अलगद काढून घेतलं आणि टोपण लावलं. "ऱ्हाऊ दे," ते म्हणाले, आणि आत बघून आवाज दिला, "आयकलं का, याच्यासाठी चहा टाक."