चार कबुतरं आणि एक सत्कार

चार कबुतरं माझ्या कोटात बेचाळीस मिनिटं होती. नियम दहा मिनिटांचा होता. गोदामाच्या भिंतीवर मोठं घड्याळ होतं, त्यामुळे हा हिशेब अंदाजाचा नाही.

मी आधी एका दैनिकात बातम्या कापायला होतो. जिल्ह्यातून आलेल्या तासाभराच्या भाषणाच्या आठ ओळी करायच्या, हे रोजचं काम. जादू तेव्हा छंद होती. पेपर बंद पडल्यावर तीच उरली. ती मला ज्या उस्तादांनी शिकवली ते आठवडाभर पॉवरलूम चालवायचे आणि सुट्टीच्या दिवशी लग्नांत खेळ करायचे. पांढऱ्या कबुतरांची पहिली जोडी त्यांनीच दिली. आम्ही घरात त्यांना कबुतरंच म्हणतो. खरं तर ती कबुतरापेक्षा लहान, मवाळ जात आहे, हातावर बसून राहणारी.

ती कोटात कशी असतात हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. प्रत्येक पक्ष्याला मऊ कापडाचा पट्टा बांधतात. पंख मिटलेले राहतात, छाती मोकळी राहते. मग तो अस्तराच्या आतल्या खिशात जातो आणि अंधार झाला की गप्प बसतो. छाती मोकळी राहणं हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. पक्ष्याच्या छातीचं हाड हललं तरच त्याच्या अंगात हवा जाते. ते दाबलं गेलं तर चोच उघडी असूनही श्वास होत नाही. त्याला घामही येत नाही. तापला की तो फक्त धापा टाकतो. उस्ताद म्हणायचे, "परिंदा सबसे आख़िर में भरना. कोट पहना तो दस मिनट, बस."

हा नियम मी कित्येक वर्षं पाळला. पडघ्याच्या शाळांत, हळदीच्या मांडवांत, हायवेच्या हॉटेलांत. पिंजरा मांडीवर घेऊन मी आणि बायको एसटीने जायचो. एकदा कंडक्टरने वाकून आत पाहिलं आणि विचारलं, "चौघांची अर्धी तिकिटं देऊ का?" बायको म्हणाली, "द्या, पण खिडकीची जागा द्या."

त्या दिवशी मे महिना होता. भिवंडीजवळच्या पूर्णा गावातल्या एका गोदाम कंपनीचा वर्धापनदिन, दुपारी चारला. रिक्षा कंटेनरांच्या रांगेत अडकली, म्हणून बायकोने पिंजऱ्यावरचा फडका वाटेत दोनदा ओला केला. पोचलो तेव्हा गोदामाच्या अर्ध्या भागात खुर्च्या मांडल्या होत्या, अर्ध्या भागात खोके तसेच रचलेले होते. वर पत्रा. पंखे होते, ते स्टेजकडे तोंड करून नव्हते.

कंपनीतला एक तरुण निवेदन करत होता. तो खोक्यांच्या मागे धावत आला.

"सर, पाहुणे आले. दीप लावला की लगेच तुम्ही. तयार व्हा."

"भाषण नंतर आहे ना?"

"नंतर, नंतर. आधी तुमचंच."

घड्याळात चार वाजून वीस मिनिटं झाली होती. बायकोने एकेक पक्षी हातात दिला, मी खिशात ठेवला. शेवटी डावीकडे म्हातारी मादी. उस्तादांनी दिलेल्या जोडीतली ती एकटी उरली होती. गर्दीवर सोडली तरी वळून माझ्या हातावर येणारी तीच. बाकी तिघं बायकोला शोधून आणावी लागत.

दीप लागला. स्वागतगीत झालं. मग निवेदक माइकवर म्हणाला, "खेळाला सुरुवात करण्यापूर्वी मान्यवरांचा आणि आपल्या भिवंडीच्या या कलाकाराचा सत्कार करण्यात येत आहे."

चूक माझी होती. मी भाषणाचं विचारलं, सत्काराचं विचारलं नाही. बातमीतून मी सत्कारांच्या याद्या इतकी वर्षं कापल्या होत्या, की त्यांना वेळ लागतो हेच डोक्यातून गेलं होतं. छापील मजकुरात सत्कार ही अर्धी ओळ असते. तिथे अकरा मान्यवर होते. प्रत्येकाला शाल, नारळ, गुच्छ आणि फोटो.

माझं नाव आलं तेव्हा चार सदतीस झाले होते. प्रमुख पाहुणे मोठे कंत्राटदार होते, राजकारणातही होते. त्यांनी शाल माझ्या खांद्यावरून गुंडाळली, नारळ हातात दिला आणि मग चेहरा ओळखला.

"अरे, हे तर आपले पत्रकार! माझ्या किती बातम्या लावल्यात ह्यांनी!"

त्यांनी मला मिठी मारली. कडकडून, दोन्ही हातांनी, आधी उजवीकडून, मग डावीकडून. कॅमेरावाला म्हणाला, "साहेब, एकदा परत." साहेबांनी परत मारली. मी नारळ मध्ये धरून पाहिला, पण तो वर सरकला. कोटात चारही पक्षी एकदम हलले. मी हसत होतो, फोटो आहेत.

मी उतरायला निघालो तर त्यांनी हाताला धरून शेजारच्या खुर्चीत बसवलं. "पत्रकार माणूस खाली उभा राहणार? बसा इथं. दोन शब्द बोलतो, मग तुमची जादू."

ते माइककडे गेले. गोदामं आली तेव्हाचं गाव कसं होतं तिथून त्यांनी सुरुवात केली. शाल काढली असती तर अपमान झाला असता. कोट उघडला असता तर खेळ संपला असता. मी दोन्ही कोपर अंगापासून दूर धरून बसलो, म्हणजे खिशांना जागा राहील. चार शेहेचाळीसला उजवीकडच्या दोघांच्या धापा बरगडीवर लागत होत्या, भराभर, शिलाई मशीनसारख्या. डावीकडे धापा सावकाश होत्या.

बायको स्टेजच्या पायऱ्यांशी आली. तिने घड्याळाकडे बोट केलं. मग ती निवेदकाकडे वळली. दोघं माझ्यापासून चार हातांवर होते, सगळं ऐकू येत होतं.

"अहो, त्यांना खाली बोलवा. पक्षी आहेत आत."

"वहिनी, साहेब बोलतायत. मी कसा थांबवू?"

"चिठ्ठी द्या."

"चिठ्ठी दिली तर उद्या माझीच चिठ्ठी फाटेल. दोन मिनिटं हो. इथं माणसं पण गुदमरतायत."

पहिल्या रांगेतला एक हमाल शेजाऱ्याला म्हणाला, "आता न्हाय संपत ह्यो. च्या होईल तवाच संपल."

मी उठलो नाही. उठलो असतो तर काय झालं असतं, याचा विचार मी तेव्हा केला आणि तो नीट आठवतो. या पट्ट्यातल्या गोदामांचे कार्यक्रम याच माणसांच्या ओळखीने ठरत. भाषण चालू असताना स्टेजवरून उठलेला कलाकार पुन्हा बोलावला जात नाही. म्हणून मी पाहुण्यांची वाक्यं मोजायला लागलो. संपत आलेलं भाषण मला ओळखता येतं. हे संपत आलेलं नव्हतं.

पाचला दोन मिनिटं कमी असताना डावीकडची धाप थांबली. मी खिशावर बाहेरून बोट दाबलं. हललं नाही. पुन्हा दाबलं.

मग मी उठलो. शाल खुर्चीवर पडली, नारळ घरंगळत माइकच्या पायापाशी गेला. साहेब बोलायचे थांबले. मी घड्याळाकडे पाहिलं: पाच वाजून दोन मिनिटं. दोन आणि दोन चार मिनिटं मी खिशावर बोट ठेवून बसून होतो, हे मला तेव्हा कळलं. कोट उघडला आणि सगळ्यांसमोर डावीकडचा पक्षी ओढून काढला. मग उजवीकडचे दोन, मग मागचा एक. पट्टे, खिसे, अस्तर, जे कधीच कुणाला दाखवायचं नाही असं उस्तादांनी बजावलं होतं, ते सगळं दिसलं असणार. कुणी ते पाहिलं नाही. क्षणभर शांतता आणि मग सगळं गोदाम टाळ्यांनी भरलं. लोकांना वाटलं खेळ सुरू झाला.

मागून कुणीतरी ओरडलं, "अरे भाई, भाषण ही ग़ायब कर दिया!"

साहेब हसत सुटले. माइकवर म्हणाले, "बघा, पेपर सोडला तरी माझं भाषण कापायची सवय गेली नाही!" आणि खुर्चीत बसले. भाषण इतक्या सहज थांबण्यासारखं होतं.

मी म्हातारी बायकोच्या हातात दिली. मान तळव्याबाहेर लोंबत होती. बायको तिला घेऊन खोक्यांच्या मागे, पाण्याच्या पिंपाकडे गेली. मी पुढचा खेळ केला. रुमाल, दोर, पत्ते, तीन कबुतरं. पंचवीस मिनिटं. एका प्रयोगात हात वर करून थांबायचं असतं, पक्षी परत येईपर्यंत. मी सवयीने हात वर केला आणि मग खाली घेतला.

मागे गेलो तेव्हा बायको खोक्यावर बसली होती. म्हातारी फडक्यावर ठेवलेली होती, चोच ओली.

"पाणी घेतलं?"

"कोण घेणार? तुम्ही दिली तेव्हाच नव्हती ती." मग म्हणाली, "मी वर यायला हवं होतं. लोक हसले असते तर हसले असते."

वर मी होतो.

चौथ्या दिवशी निवेदकाचा फोन आला. आवाज उत्साहात होता.

"सर, साहेब फार खूश आहेत. राहनाळला त्यांच्या भावाच्या गोदामाचं उद्घाटन आहे. तोच आयटम पाहिजे. भाषण मध्येच तोडून कबुतरं काढायची. साहेब म्हणाले, मी बोलायला लागलो की दहा मिनिटांनी उठा."

मी त्याला सांगितलं की एक कबूतर त्या दिवशी मेलं.

"अरेरे. खरंच सॉरी, सर. कळलंच नाही आम्हाला." मग त्याने विचारलं, "मग तिघांवर होईल का?"

बायको पिंजऱ्यातलं पाणी बदलत होती. तिला ऐकू जात होतं.

मी म्हणालो, होईल.