हौदावरची रिकामी घागर

"सोळा-सतरा पान मला परत काढायचंय," असं मी शर्वरीला फोनवर सांगितलं.

शर्वरी ही आमची संपादक. वय तिशीचं, मूळची यवतमाळची, कामाला चोख. तिच्या हिशेबात पुस्तक संपलं होतं. चित्रं स्कॅन झाली होती, मजकूर बसला होता, सोमवारी फाइल प्रेसला जायची होती.

"प्रिंटरचं काही म्हणणं आलं का?" तिने विचारलं.

"नाही. चित्र चुकलंय."

"ताई, पुस्तकातलं सगळ्यात छान चित्र आहे ते."

"म्हणूनच परत काढायचंय."

आता हे नीट सांगायला हवं. मी इलस्ट्रेटर आहे. म्हणजे दुसऱ्याने लिहिलेल्या मजकुराची चित्रं काढते. सव्वीस वर्षं हेच काम करते आहे. कोथरूडमध्ये आमच्या घराच्या उत्तरेकडच्या खोलीत माझं टेबल आहे. हे पुस्तक मुलांसाठी होतं. विषय होता पुण्याचं जुनं पाणी. कात्रजच्या तलावातून जमिनीखालच्या नळाने पाणी पेठांमध्ये यायचं आणि दगडी हौदांमध्ये पडायचं. लोक हौदावरून पाणी भरायचे. मजकूर एका निवृत्त भूगोलाच्या शिक्षकांनी लिहिला होता. त्यांना आम्ही सगळे गुरुजी म्हणतो.

सोळा-सतरा पान म्हणजे पुस्तकाचा मधला स्प्रेड. समोरासमोरच्या दोन पानांवर मिळून एकच मोठं चित्र असतं, त्याला स्प्रेड म्हणतात. मुलं पुस्तक उघडतात तेव्हा आधी तेच बघतात, म्हणून चित्रकार त्यात जीव ओततो. मीही ओतला होता. सकाळची वेळ, मधोमध हौद, भोवती वीस-बावीस माणसं. बायका कळश्या घासताहेत, एक आजोबा अंघोळीचं पाणी नेताहेत, पोरं एकमेकांवर पाणी उडवताहेत. सगळे आनंदात. खाली गुरुजींचं वाक्य होतं, की सगळी पेठ इथे पाणी भरायला येई.

आमचे प्रकाशक मोहनराव यांनी ते चित्र पाहून मुखपृष्ठावरही हेच घेऊ, असं म्हटलं होतं. मोहनरावांनी एवढं म्हणणं म्हणजे पुष्कळ. एरवी त्यांची शाबासकी 'चालेल' या शब्दाच्या पुढे जात नाही.

आता चूक कशी सापडली ते सांगते.

शर्वरीने मला शेवटच्या पानासाठी संदर्भांची यादी मागितली होती. चित्रं काढताना कोणती पुस्तकं पाहिली, त्यांची नावं. माझं वाचन हा आमच्या ऑफिसातला थट्टेचा विषय आहे. मला कोणी आवडती पुस्तकं विचारली की माझी पंचाईत होते, कारण माझी आवडती पुस्तकं दुकानात मिळतच नाहीत. ती कोणीतरी स्वतःच्या खर्चाने छापलेली असतात. मुखपृष्ठावर लेखकाचा पासपोर्ट साइज फोटो असतो आणि आत शुद्धिपत्र चिकटवलेलं असतं. निवृत्त ओव्हरसियरचं आत्मचरित्र. एखाद्या शाळेची स्मरणिका. एखाद्या घराण्याचा कुलवृत्तांत, ज्यात कर्तबगार पुरुषांची पन्नास पानं आणि सगळ्या बायकांचं मिळून एक. बुधवार पेठेतल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात अशी पुस्तकं सुतळीने बांधून ठेवलेली असतात. तिथला मालक मला पाहिलं की न विचारता गठ्ठा सोडतो आणि "घ्या, तुमचं खाद्य आलंय," असं म्हणतो.

मी वाचते पेन्सिल हातात धरून. इतिहासाचे अभ्यासक सनावळ्या शोधतात, मी भांडी शोधते. माणसं काय नेसत होती, कशावर बसत होती, दिवा कुठे टांगत होती. तसं काही सापडलं की शेजारी समासात छोटं चित्र काढून ठेवते. माझ्या पुस्तकांचे समास कपबश्या, जोडे आणि अडकित्ते यांनी भरलेले आहेत. पुढे काम आलं की मी मजकूर वाचत नाही, समास चाळते.

चूक झाली ती याच सवयीपायी.

यादीसाठी मी एक नव्वद पानी पुस्तक काढलं. एका कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेल्या गृहस्थांच्या आठवणी होत्या. सहा वर्षांपूर्वी वाचलेलं. समासात मातीच्या घागरीचं चित्र होतं, गळा आखूड, पोट रुंद. हौदाच्या चित्रातल्या सगळ्या घागरी मी त्यावरूनच काढल्या होत्या. लेखकाचं नाव उतरवून घ्यावं म्हणून पान उघडलं आणि सहज शेजारचा परिच्छेद वाचला.

ती घागर त्यांच्या आजीची होती. आजी हौदावर यायची, पण तिला हौदाला हात लावायची मुभा नव्हती. अस्पृश्य ठरवलेल्या घरातली ती. रिकामी घागर घेऊन ती लांब एका दगडाशी थांबायची. कोणाला सवड झाली आणि मनात आलं तर ते वरून तिच्या घागरीत पाणी ओतायचे. कधी लगेच, कधी ऊन चढेपर्यंत नाही.

हे मी सहा वर्षांपूर्वी वाचलं होतं. शिसपेन्सिलीची रेघ घागरीच्या वर्णनाखाली होती. पुढच्या वाक्यांखाली नव्हती. मी त्या बाईची घागर उचलली, बावीस जणांच्या हातात दिली आणि तिला चित्रातून काढून टाकलं. मला कोणी तसं करायला सांगितलं नव्हतं. वाईट कोणी नव्हतं यात, फक्त मला भांडं हवं होतं. मी शर्वरीला फोन लावला.

शर्वरीने ऐकून घेतलं आणि मोहनरावांना सांगितलं. दुपारी मोहनरावांचा फोन आला. कोणी तक्रार केली आहे का, असं त्यांनी आधी विचारलं. मी नाही म्हटलं.

"मग घाई कसली? पुढच्या आवृत्तीत बघू."

"तक्रार मी करतेय, मोहनराव."

त्यांनी बरंच समजावलं. आठ वर्षांच्या मुलांचं पुस्तक आहे, पाण्याचं पुस्तक आहे, जातीचं नाही. मुलांना आनंदी चित्र आवडतं. शाळांचे लोक विचारतील. मी म्हटलं, मजकुरात काय असावं ते तुम्ही आणि गुरुजी ठरवा. चित्राखाली माझं नाव आहे आणि ते चित्र खोटं बोलतंय. शेवटी सोमवारी ऑफिसात बसून बोलायचं ठरलं. प्रेसची तारीख तोपर्यंत तशीच.

माझ्याकडे तीन दिवस होते. त्या आठवणींच्या पुस्तकात मागे लेखकाचा फोन नंबर छापला होता. लावला तर त्यांच्या मुलीने उचलला. लेखक चार वर्षांपूर्वी गेले होते. मुलगी शोभाताई, निवृत्त नर्स, स्वारगेटजवळ राहतात. मी कोण, कशासाठी फोन केला ते सांगितलं. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "उद्या अकराला या. बारा वाजता मला बाहेर जायचंय."

मी बरोबर अकराला पोहोचले. स्कॅनचा मोठा प्रिंट नेला होता. शोभाताईंनी चष्मा पुसून चित्र नीट पाहिलं, डावीकडून उजवीकडे. चेहऱ्यावर काही दिसलं नाही. मग म्हणाल्या, "घागर बरोबर काढलीत."

मला यापेक्षा रागावलेलं परवडलं असतं.

मी माफी मागितली आणि त्यांची पणजी, म्हणजे पुस्तकातली ती आजी, चित्रात कशी दाखवू, असं विचारलं. घरून निघताना माझ्या डोक्यात एक चित्र तयार होतं. कडेला उभी, पदर ओढलेला, मान खाली. मी ते हातांनी करून दाखवलं.

"तसं नको," त्या म्हणाल्या. "रडवू नका तिला. आमच्या घरात तिच्या गोष्टी रडून कधी कोणी सांगितल्या नाहीत."

मग त्यांनी सांगितलं. पणजीला चार मुली. हौदावर जाताना ती चौघींना बरोबर न्यायची. वाट बघावी लागणार हे माहीतच असायचं, तर वेळ वाया का घालवा? दगडावर बसून ती एकेकीच्या वेण्या घालायची. पाणी लवकर मिळालं तर दोघींच्या व्हायच्या, उशीर झाला तर चौघींच्या. शोभाताईंच्या आजी सून म्हणून त्या घरात आलेल्या, त्यांनी सासूकडून ऐकलेलं. पुढे त्या घरात एखादं काम लांबलं की 'चार वेण्यांचं काम' म्हणायचे. शोभाताई हॉस्पिटलमध्ये ओपीडीच्या रांगेलाही तेच म्हणायच्या.

"हे तुमच्या वडिलांनी पुस्तकात का नाही लिहिलं?" मी विचारलं.

"वेण्या म्हणजे बायकांचं. बाबांनी पाण्याचं लिहिलं."

बारा वाजता त्या उठल्या. मीही उठले. दारात त्यांनी एवढंच सांगितलं, की छापलं तर एक प्रत पाठवा आणि नाही छापलं तरी कळवा.

त्या दुपारी मी पेन्सिलने नवा आराखडा काढायला बसले. मला वाटलं होतं की उजव्या कोपऱ्यात मी जागा भरायला बैलगाडी काढली होती, ती काढून तिथे दगड आणि पणजी बसवली की झालं. तसं झालं नाही. लांब कोणीतरी वाट बघत बसलंय म्हटल्यावर बाकी बावीस जणांच्या बसण्या-उठण्यात फरक पडतो. काहींना ते दिसतं, काही पाठ फिरवतात, एखादी बाई कळशी अर्धी उचलून थांबते. एकेक आकृती बदलत गेली. संध्याकाळपर्यंत माझ्या लक्षात आलं, की जुन्या चित्रातले लोक नुसते गोड होते. आता ते माणसांसारखे दिसायला लागले होते.

सोमवारी ऑफिसात मोहनराव, गुरुजी, शर्वरी आणि मी. टेबलावर मी दोन्ही चित्रं शेजारी शेजारी ठेवली. मोहनरावांनी पुन्हा तेच मुद्दे मांडले, या वेळी थोडे हळू आवाजात. छपाईची प्लेट बनवायची वेळ ठरली आहे, चित्र वॉटरकलरमध्ये आहे, नव्याने रंगवायला चार दिवस लागणार. शर्वरीने आधी सुचवलं होतं की कॉम्प्युटरवर कोपरा बदलू. तेही त्यांनी परत विचारलं. मी म्हटलं, कोपरा बदलून भागणार नाही, सगळं चित्र बदललंय.

शर्वरी नव्या चित्राकडे बघत होती. तिने दगडाजवळच्या घागरीवर बोट ठेवलं.

"सर, मी आठ वर्षांची आहे असं समजा. हिची घागर रिकामी का आहे?"

मोहनरावांनी चित्र जवळ ओढून घागरीकडे पाहिलं. सोपं उत्तर एकच होतं आणि ते सगळ्यांना माहीत होतं.

गुरुजींनी चष्मा काढला. "मला हे माहीत होतं," ते म्हणाले. "लिहिताना 'सगळी पेठ' या शब्दांवर माझा हात थांबला होता. मग मी पुढे गेलो." त्यांनी शर्वरीकडून पेन घेतलं आणि तिथेच वाक्य खोडून नवं लिहिलं. सगळी पेठ हौदावर येई. पण सगळ्यांना हौदातून पाणी घेता येत नसे. त्याखाली आणखी दोन साध्या ओळी, कोणाला आणि का ते सांगणाऱ्या.

मोहनरावांनी ते दोनदा वाचलं. शेवटी म्हणाले, "शुक्रवारी सकाळी दहा. साडेदहाला मी जुनं चित्र पाठवीन."

मी शुक्रवारी साडेनऊला गेले.

पुस्तक निघालं. मुखपृष्ठावर हौदाचं चित्र आलं नाही, तिथे मोहनरावांनी नळाचं चित्र घेतलं. एका शाळेने पुस्तक परत पाठवलं, कारण कळवलं नाही. दुसऱ्या एका शाळेने वर्गात वाचून दाखवायला मला बोलावलं. तिथे तिसरीच्या मुलांनी स्प्रेड उघडल्यावर घागरीबद्दल विचारायला अर्धं मिनिटही लावलं नाही. मी गुरुजींच्या ओळी वाचल्या. वर्ग ऐकत होता. मग मागच्या बाकावरच्या एका मुलीने कळशी धरून थांबलेल्या बाईकडे बोट दाखवून विचारलं, की ही पाणी देणार आहे की नाही. मी सांगितलं, मलाही माहीत नाही, मी तिला तिथपर्यंतच काढलंय. मुलीला हे उत्तर अजिबात पटलं नाही. ती म्हणाली, मग पुढचं पान काढा.

शोभाताईंना प्रत नेऊन दिली. त्यांनी ते पान उघडून मुली मोजल्या. चार होत्या. दोघींच्या वेण्या झालेल्या, तिसरीची चालू, चौथी खडे खेळत बसलेली. त्यांनी पुस्तक वडिलांच्या पुस्तकाशेजारी ठेवलं आणि चहा टाकला. त्या दिवशी त्यांना बारा वाजता कुठे जायचं नव्हतं.

आता कामातला धडा. समास चाळून चित्रं काढता येतात, पण परिच्छेद पूर्ण वाचावा. त्यात वेळ जातो, झालेली चित्रं परत काढावी लागतात आणि प्रकाशक नाराज होतात. शर्वरीने यावर उपाय काढलाय. माझ्या प्रत्येक कामाच्या शेड्यूलमध्ये ती आता शेवटी चार दिवस मोकळे धरते. त्या रकान्यात तिने लिहिलंय, 'ताई अजून वाचताहेत.'