शेजारणीचं तोंड

जर्नलला उत्तर कळवायचा तो शेवटचा दिवस, रविवार. आठवडाभर मी आणि माझी मैत्रीण फोनवर भांडत होतो. शेवटी मैत्रीण घाटकोपरहून सकाळीच आमच्या मुलुंडच्या घरी आली आणि चप्पल काढायच्या आधीच म्हणाली, “आज तुझं ‘हो’ घेऊनच जाणार. कळलं ना?”

“आधी चहा घे,” मी म्हटलं. “भांडायला ताकद लागते.”

आमचा शोधनिबंध होता एआयचा लगाम कोणाच्या हातात, यावर. मोठे शब्द सोडा, गोष्ट साधी आहे. कंत्राटी सफाई कामगार बायकांची हजेरी आता मोबाइल चेहरा बघून लावतो. चेहरा पटला नाही की गैरहजर. दाद कोणाकडे मागायची? मुकादमाकडे. आणि मुकादम ज्या बाईवर खार खाऊन असेल तिला म्हणणार, मशीन खोटं बोलत नाही. झालं! हे सगळं आम्ही त्यांच्या हजेरीच्या चौकीत बसून त्या बायकांच्याच तोंडून ऐकलं होतं.

परदेशातल्या एका नावाजलेल्या जर्नलने निबंध घेतला, पण एका अटीवर. मुलाखती जशाच्या तशा, फक्त नावं गाळून, त्यांच्या साइटवर सगळ्यांसाठी खुल्या ठेवायच्या. मी सवलत मागितली. नियम सर्वांना सारखा, असं गोड उत्तर आलं. माझं तर डोकंच फिरलं. इथलं एक छोटं जर्नलही निबंध छापायला तयार होतं, आणि मुलाखती तुमच्याकडेच राहू द्या म्हणत होतं. पण निवड समित्या त्याला हिंग लावून विचारत नाहीत. मैत्रिणीची तर अंधेरीच्या कॉलेजात कायम जागेसाठी मुलाखत तोंडावर आलेली. दर जूनला नव्या कंत्राटावर सही करून ती मेटाकुटीला आली होती.

“मावशींनी हो म्हटलंय,” ती म्हणाली.

“पूर्ण सांग ना काय म्हटलंय ते.”

मावशी म्हणजे सगळ्यात उघड बोललेली ती मालवणकडची बाई. मी तिला विचारायला गेले तेव्हा म्हणाली, “त्या पोरीचा बरा होत असात तर घाला गो. फक्त मुकादमाक कळाक नको.” मैत्रीण पहिलं वाक्य धरून बसली होती, मी दुसरं.

“अगं पण त्याला कळणार कसं? नाव नाही, चौकी नाही. थांब, काकूंनाच वाचून दाखवते.”

आई ओट्याशी कोलंबी सोलत होती. मैत्रिणीने लॅपटॉप उघडून मोठ्याने वाचलं, “मशीन माका वळखणा नाय. मुकादम म्हणता, तुझाच थोबाड बदलला. मी म्हटलंय, मी काय शेजारणीचा तोंड लावन इलंय?”

आई खो खो हसली. “अगो, ही आपल्या गल्लीतली झाडूवाली! असं दुसरं कोण बोलणार? मासळीवालीलाही अशीच झाडते.”

मैत्रिणीचा चेहरा उतरला. “तुम्ही ओळखता तिला म्हणून, काकू...”

“आणि मुकादम ओळखत नाही?” माझा आवाज चढला. “जे त्याच्या तोंडावर बोलली तेच त्याला कळणार नाही होय गं? उद्या तिला कामावरून काढलं तर तू जाणार आहेस चौकीत?”

“आणि माझी वाट लागली तर?” ती ओरडलीच. “तू कायम आहेस. तुझं काय जातंय तत्त्वं सांगायला?”

हे मला झोंबलं, कारण खरं होतं. आईने नळ बंद केला.

मग मैत्रीण खाली मान घालून टाइप करू लागली. “बोलीच काढून टाकते. शुद्ध मराठी. मग तर झालं?” तिने वाचलं, “यंत्र माझा चेहरा ओळखत नाही. मी दुसऱ्या कोणाचा चेहरा घेऊन आलेले नाही.”

“ही कोण आता?” आईने विचारलं.

“तीच, काकू.”

“छे! ही कोणीतरी ऑफिसातली बाई.”

मैत्रीण स्क्रीनकडे बघत राहिली. “म्हणजे शेजारणीचं तोंड मीच लावतेय तिला,” असं काहीसं पुटपुटली. मला तिची इतकी दया आली, की खरं सांगते, त्या क्षणी तिने पुन्हा विचारलं असतं तर मी ‘हो’ म्हणून गेले असते. तिने विचारलं नाही. जर्नलला नकार तिनेच लिहिला, तिनेच पाठवला, आणि आईच्या हातातली कोलंबी ओढून घेऊन सोलायला बसली.

निबंध छोट्या जर्नलात आला. निवड समितीने ‘हे कुठलं?’ म्हणून विचारलं आणि जागा दुसऱ्याला गेली.

नंतर एकदा मैत्रीण घरी येत होती, मी तिला घ्यायला कोपऱ्यावर गेले, तर ती मावशी समोरूनच आली. झाडू काखेत धरून म्हणाली, “काय गो, झाला मा तुझा काम?”

“झालं मावशी,” मैत्रीण म्हणाली. “झकास झालं.”

“आणि मुकादमाक?”

“काही कळलं नाही.”

“बरा झाला.” मावशीने तिचा गाल कुरवाळला आणि हजेरी लावायला चौकीकडे गेली. मी मैत्रिणीकडे बघितलं. ती अजून हसत होती. त्याच आठवड्यात तिने पुन्हा वर्षभराच्या कंत्राटावर सही केली होती.