घुमीने पाहिलेलं लग्न

पाळणाघर माझं असलं तरी चालतं ते घुमीच्या जिवावर. घुमी हे काही तिचं खरं नाव नव्हे. दिवसभरात तोंडातून चार शब्द निघाले तर निघाले, म्हणून ते मीच ठेवलं, आणि तिने तेही निमूटपणे घेतलं. कुणी काही लागेल असं बोललं की हिची मान खाली. मला असल्या माणसांची चीड येते. पोरांना मात्र तिच्याशिवाय घास उतरत नाही.

दर सोमवारी ती एकेकाला गुडघ्यात धरते आणि बारीक फणीने डोकं विंचरते. पोरं म्हटली की उवा आल्याच, त्यात लाजायचं काय? पण लग्नाला जायच्या आधीच्या सोमवारी तिने सगळ्यांची डोकी पाहिली आणि नेमकं स्वतःच्या लेकीचं राहिलं. फ्रॉकला झालर लावायची होती, बाळाचे कपडे भरायचे होते, आणि नवऱ्याला रजा न मिळाल्यामुळे दोन्ही पोरं घेऊन परदेशी एकटीनेच जायचं होतं.

लग्न धाकट्या बहिणीचं. आई लवकर गेली, तेव्हापासून घुमीनेच तिला वाढवलं, शिकवलं आणि परदेशी धाडलं. तिथलाच नवरा मिळाला. धाकटीने फोनवर सांगितलं, "ताई, तुझी लेक फुलांची परडी घेऊन माझ्यापुढे चालणार हं." झालं! पाच वर्षांच्या त्या पोरीचे पाय तेव्हापासून जमिनीला लागेनात. डब्यांची रिकामी टोपली घेऊन ती आमच्या व्हरांड्यात संथ चालायची. मध्ये कुणी आलं तर चिमटा काढायची. घुमीही कडेला उभी राहून बघायची आणि चक्क हसायची. त्या बाईने आयुष्यात स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं, पण लेकीला तसं चालताना बघायचं होतं तिला.

पुढचं मला तिने तुकड्यातुकड्याने सांगितलं, उरलेलं लेकीने.

विमानात बाळाने शेजारच्या गृहस्थाच्या बुटावर ओकारी काढली. घुमीने ते बूट स्वतःच्या ओढणीने पुसले. लेक येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती की नवरीच्याही आधी मी येणार. पोचल्याच्या रात्री मावशीने भाचीला आपल्या अंथरुणात घेतलं आणि दोघी एकाच उशीवर गप्पा मारत झोपल्या. घुमीला वाटलं, आलो त्याचं सार्थक झालं.

दुसऱ्या दिवशी केस सजवणारी बाई आली. दिवाणखान्यात नवरीची सासू होती, तिच्या दोन जावा होत्या. त्या बाईने पोरीची वेणी सोडली, कंगवा घातला आणि दोन पावलं मागे सरली. "हिच्या डोक्यात उवा आहेत," ती म्हणाली.

सासूने पाय वर घेतले. धाकटीचा चेहरा पांढराफटक पडला. "आमच्या घरात असलं कधीच नव्हतं," ती म्हणाली. "हे ताईच्या त्या पाळणाघरातून आलंय."

याच धाकटीचं डोकं लहानपणी घुमीने रोज संध्याकाळी दारात बसून साफ केलं होतं. तेव्हा तर घरात उवांचा सुळसुळाट होता. ते तिथेच, चारचौघींत सांगायचं होतं. मी असते तर सांगितलं असतं, वर चार गोष्टी जास्तच. घुमीने मान खाली घातली.

"औषध लावते, दोन दिवसांत जातील," एवढंच ती पुटपुटली.

"लग्न उद्या आहे," सासू म्हणाली.

मग धाकटीने बहिणीला न्हाणीघरात नेलं. "ताई, केस काढून टाक तिचे. सगळेच. मग काही अडचण नाही, चालेल ती माझ्यापुढे. शब्द देते."

कमरेपर्यंत केस होते पोरीचे. तिला उलट्या बादलीवर बसवून घुमीने मशीन फिरवलं. पोर आधी हमसाहमशी रडली. मग विचारलं, "परडी मलाच ना?" "तुलाच," घुमी म्हणाली. त्यावर ती डोळे मिटून गप्प बसली. बाळ खाली पडलेल्या केसांशी खेळत होतं.

सकाळी फ्रॉक घालून पोर मावशीच्या खोलीत गेली. मावशी आरशासमोर होती. आरशातूनच तिने पाहिलं.

"ताई, ही अशी आजारी दिसते गं. फोटोत कायमचं राहील ते. लोक विचारतील, काय झालंय म्हणून."

"तू शब्द दिला होतास," घुमी म्हणाली. एवढं बोलायला तिला किती बळ लागलं असेल ते मला ठाऊक आहे.

"असं दिसेल हे मला काय माहीत?"

परडी नवरदेवाच्या पुतणीला मिळाली. ती फुलं टाकायची विसरली आणि मध्येच आईकडे पळाली, तरी सगळे "किती गोड" म्हणाले. घुमी दोन्ही पोरांना घेऊन शेवटच्या रांगेत, खांबाआड बसली. एक पाहुणी वाकून हळूच विचारायला लागली, "कुठला आजार?" घुमीने तोंड उघडायच्या आत सासूबाईंनी उसासा टाकला, "काय करणार, बिचारी." उवांपेक्षा दुखणं बरं, चारचौघांत सांगता तरी येतं! त्या पाहुणीने पोरीच्या हातात चॉकलेट ठेवलं आणि डोळे पुसले. पोरीने ते खाल्लं नाही, फ्रॉकखाली ठेवून त्यावर बसली.

संध्याकाळी घुमी सामान भरत होती. सासरी निघायच्या आधी धाकटी घाईघाईने खोलीत आली आणि दार लावून घेतलं.

"ताई, डोकं सारखं खाजतंय गं. स्प्रेमुळे असेल ना? जरा बघ."

ती घुमीसमोर खाली बसली. घुमीने केस बाजूला केले. कानामागे लिखा होत्या, आणि एक चांगली पोसलेली ऊ भांगातून रमतगमत चालली होती. लेक शेजारीच उभी राहून वाकून बघत होती. तिने बोट दाखवायला हात उचलला. घुमीने तिच्याकडे नुसतं पाहिलं. हात खाली आला.

"काही नाही," घुमी म्हणाली. "स्वच्छ आहे. स्प्रेमुळेच खाजत असेल."

"तू बघितलंस म्हणजे झालं," म्हणून धाकटी गळ्यात पडली, थोडं रडली, आणि जाऊन सासूबाईंच्या शेजारी गाडीत बसली. सासूबाईंनी मायेने तिचं डोकं आपल्या खांद्यावर टेकवून घेतलं.

गाडी वळेपर्यंत दोघी मायलेकी खिडकीत उभ्या होत्या.

"आई, होत्या ना?"

"होत्या."

"खूप?"

"खूप."

पोर हसायला लागली. टकलावर हात मारून मारून, पोट धरून हसली.

"बाई," घुमी मला म्हणाली, "तिचं ते हसणं मला आवडलं नाही. पण थांबवलंही नाही मी."