काकीचा खोटा वणवा

काकी कुणाच्याही घरी गेली की आधी मागचं दार बघायची. चहापाणी, ख्यालीखुशाली सगळं नंतर. मागचं दार सापडलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "पानी कुठनं येतंय तुमच्यात?" आड असेल तर आडात वाकून बघायची, नळ असेल तर नळ गेल्यावर काय करता ते विचारायची. मगच पाटावर टेकायची. माझ्या बहिणीचं स्थळ बघायला आम्ही गेलो, तेव्हा त्या घरचं मागचं दार जळणाच्या ढिगानं बुजलेलं होतं. काकीनं नवऱ्यामुलाकडून आधी ती लाकडं हलवून घेतली आणि मग बोलणी सुरू होऊ दिली. मुलगा न बोलता कामाला लागला म्हणून तिनं तो तिथंच पसंत केला. तिची निवड चुकली नाही.

काकीचं माहेर खानापूरकडच्या रानातलं. लग्न होऊन ती निपाणीला आली. काका तंबाखूच्या वखारीत वजनकाट्यावर होते. आमची दोन्ही बिऱ्हाडं एकाच घरात, आणि घराला लागून वखारी. वाळलेल्या तंबाखूच्या शेजारी राहायचं म्हणजे आगीची धास्ती असायचीच. बाकीची घरं नुसती धास्ती बाळगत; काकी सराव घ्यायची. दर अवसेला दिवेलागणीच्या वेळी ती कंदील मालवून थाळी वाजवायची. थाळी वाजली की ज्यानं त्यानं अंधारात आपली वस्तू उचलायची आणि मागच्या दारानं कडुनिंबाखाली यायचं. आप्पांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे, कागदांची पेटी. आईकडे पाण्याची कळशी. माझ्याकडे आजोबांची काठी आणि काठीसकट आजोबा. काकांकडे वस्तू नव्हती. त्यांनी झाडाखाली उभं राहून माणसं मोजायची.

काका कुरकुरायचे की दिवसभर वखारीत पोती मोजायची आणि घरी आलं की माणसं. काकी म्हणायची, "पोतं चुकलं तर शेट बोलंल. माणूस चुकलं तर बोलाय बी कोण उरायचं न्हाय." काका मुकाट्यानं मोजायचे, आणि एखादा पाहुणा मुक्कामाला असला तर त्यालाही धरायचे.

तिचं दुसरं वैशिष्ट्य म्हणजे गठुळं. जुन्या लुगड्यात बांधलेलं ते गठुळं घर सोडून जाताना तिच्या काखेत असायचंच. त्यात मेण फासलेली काडेपेटी, विळा, दावं, मीठ, गूळ, फुटाणे, हळद आणि पाणी गाळायला धुवट धोतराचा तुकडा. मी हिशेबी माणूस. एकदा सगळं वजन करून पाहिलं तर दोन-सव्वादोन किलो भरलं. एवढं ओझं कशासाठी वाहायचं, असं विचारल्यावर ती म्हणाली, "घाबरायचं असंल तर खुशाल घाबरावं माणसानं. पर हात रिकामा ठिवू नये."

माझं लग्न तिनंच जमवलं. सत्तरचं दशक तेव्हा संपत आलं होतं. मुलगी तिच्या माहेराच्या शेजारच्या गावची. त्या मुलीचं आधी एक लग्न ठरलं होतं. मांडव सजला, हळद लागली आणि वऱ्हाड आलंच नाही. त्यामुळे काकीनं माझ्या सासऱ्यांना शब्द दिला होता, की काही झालं तरी आमचं वऱ्हाड गोरज मुहूर्ताच्या आत तुमच्या दारात उभं असेल.

उन्हाळ्याचे दिवस. आम्ही पन्नासेक माणसं भाड्याच्या मोटारीनं सकाळी निपाणीहून निघालो. गठुळं बघून बहिणीनं टोमणा मारला, "काकी, लग्नाला निघालोय का जंगलात ऱ्हायला?" काकी म्हणाली, "वाट जंगलातनंच हाय न्हवं?" बेळगाव मागं टाकलं, खानापूरही गेलं, आणि रानाच्या मध्यावर मोटारीच्या मागच्या स्प्रिंगचा पाटा मोडला. सामान आणायला क्लीनर चालत खानापूरकडे गेला. त्या रस्त्यानं दुसरं वाहन येईना. ऊन चढलं, बरोबरचं पाणी संपलं, पोरं रडायला लागली.

माझे दोन मित्र रानातून आडवाटेनं नवरीच्या गावात जायला निघाले. काकीनं त्यांना खाली बसवलं. म्हणाली, वाट ठाऊक नसताना रानात गेला तर लग्नही राहील आणि रात्रभर तुम्हाला हुडकत फिरावं लागेल. तिला वाट ठाऊक होती, पण तिचे गुडघे तेवढ्या चढाला साथ देणारे नव्हते. मग तिनं काकांना माणसं मोजायला लावली आणि आम्हाला घेऊन खालच्या कोरड्या ओढ्यात उतरली. वळणावर एक उंबर होता. त्याच्या अंगाला वाळू उकरायला सांगितली. हातभर खाली वाळू ओली लागली, आणखी हातभर गेल्यावर पाणी झिरपायला लागलं. ते धोतरातून गाळलं, नवरीसाठी आहेर म्हणून नेत असलेल्या पितळी हंड्यात उकळलं, आणि निवल्यावर मीठ-गूळ घालून सगळ्यांना पाजलं. आधी पोरं, मग म्हातारी, शेवटी मी. नवरदेवाचा मान तिच्या यादीत तळाला होता.

पाण्याचं भागलं, पण सूर्य कलायला लागला होता. माझ्या डोळ्यांसमोर ती मुलगी होती. दुसऱ्यांदा मांडवात वाट बघत बसायची पाळी तिच्यावर येणार होती, आणि या वेळी ती माझ्यामुळे.

रस्त्याच्या वर एक उघडा, रुंद खडक होता. काकीनं पोरांना लावून त्याच्या भोवतीचा वाळला पाला लांबपर्यंत झाडून काढला, वाळूची आणि पाण्याची भांडी भरून ठेवली, आणि खडकाच्या मधोमध जाळ केला. त्यावर ओला पाला टाकल्याबरोबर धुराचा खांब उभा राहिला. आप्पा घाबरले. रानात जाळ केला म्हणून जंगलखात्याचा गार्ड पकडील, असं म्हणाले.

"पकडाय का हुईना, येईल तर की भावजी," काकी म्हणाली. "पर त्येच्या आधी गावच येतंय बघा. आमच्यात हाक मारली तर एक माणूस येतोय. वणवा दिसला तर घरात कोण ऱ्हात न्हाय."

तसंच झालं. तासाभरात डोंगराच्या धारेवरून माणसांची रांग उतरताना दिसली. आग झोडपायला प्रत्येकाच्या हातात हिरवी डहाळी. सगळ्यांच्या पुढं माझे सासरे, नवं धोतर खोचलेलं, फेटा सुटून गळ्यात आलेला. ते खडकावर आले आणि बघतात तर धुरापाशी मी बाशिंग बांधून बसलेला.

"आग कुठं हाय?" त्यांनी धापा टाकत विचारलं.

"पोटात हाय," काकी म्हणाली. "पन्नास मान्सं सकाळधरनं उपाशी हायत."

मग सासऱ्यांनी हातातली डहाळी खाली टाकली आणि असे हसले की त्यांना बसावंच लागलं. लोकांनी बैलगाड्या आणवल्या, म्हातारी माणसं गाडीत, बाकीचे पायवाटेनं. काकी मात्र जाळ विझवून, राखेवर तळहात टेकून बघितल्याशिवाय हलली नाही. गुरं गावात शिरत होती आणि त्यांच्याच धुळीत आम्ही शिरलो. अक्षता वेळेवर पडल्या.

जेवणं झाल्यावर काकी पंचांसमोर उभी राहिली. "खोटा वणवा दावून गाव पळवलं. दंड काय त्यो सांगा," म्हणाली. गावानं विचार करून दंड सांगितला: दर वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला रानाच्या कडेचा पाला झाडून मोकळा पट्टा करतात, त्या कामाला निपाणीकरांनी यायचं. काकी वर्षानुवर्षं आम्हाला घेऊन जात राहिली. बुडाला काळा पडलेला तो हंडा आजही आमच्या घरी आहे. बायको त्याचं बूड घासू देत नाही. "बाकीच्यांची वरात घोड्यावरनं येती, माझी वणव्यातनं आली," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते.

ऐंशीचं दशक सरता सरता, एका थंडीत काकी गेली. फारशी आजारी न पडता गेली. त्यानंतरच्या उन्हाळ्यात आम्ही नेहमीप्रमाणे पट्टा झाडायला गेलो. कामाला लागण्याआधी काकांनी सवयीनं माणसं मोजली. एक कमी भरलं. त्यांनी पुन्हा मोजली, आणि बोट हवेत तसंच राहिलं.

सासरे पुढं आले. काकांच्या हातात खराटा देत म्हणाले, "मोजणी बरूबर हाय, पावनं. काकी म्होरं गेल्यात, पानी बघाय."

काकांनी मान हलवली आणि झाडायला सुरुवात केली.