बारा नंबर गेला

चहा गार होईपर्यंत सांगून टाकते, नाहीतर दुसऱ्या कुणाकडून ऐकाल आणि त्यात भलतीच भर घातलेली असेल. एका बऱ्या होत चाललेल्या माणसाला मी नुसत्या तोंडाने जवळजवळ वर पोहोचवलं होतं. आणि मी डॉक्टरसुद्धा नाही.

म्हणजे होणार आहे, पण ती दुसरी डॉक्टर, पीएचडीची. संत तुकाराम नगरात आमच्या बिल्डिंगमध्ये हा फरक कुणालाच पटत नाही. खालचे काका अजून मला गुडघा दाखवतात.

आमची लॅब पिंपरीतल्या एका हॉस्पिटलच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर आहे. तिथे सहा वर्षं मी एकाच प्रोटीनच्या मागे आहे. डब्यातली पावडर नव्हे हो. आपल्या पेशींमध्ये हजारो प्रकारची प्रोटीनं असतात. माळेसारखी लांब तयार होतात, नीट घडी पडली की कामाला लागतात. माझ्याच्या माळेत बाराव्या जागी चुकीचा मणी होता, त्यामुळे त्याची घडी काही केल्या बसेना. अशा वेड्यावाकड्याला पेशी आधी हात देते, सावरून बघते. नाहीच जमलं तर त्याच्यावर खूण करते आणि तुकडे करून टाकते. त्याला यातून वाचवता येईल, असं माझं म्हणणं होतं. लॅबमध्ये सगळे त्याला ‘बारा नंबर’ म्हणायचे. मीही.

त्या दिवशी शेवटचा प्रयोग फसला. वर रेंज येत नाही, म्हणून खाली पुरुषांच्या वॉर्डाबाहेर बाकावर बसून मी सरांना फोन लावला. अंगात पांढरा एप्रन तसाच. शेजारी एक तरुण मांडीवर डबा घेऊन बसला होता. माझं लक्षही नव्हतं त्याच्याकडे.

“सर, बारा नंबर नाही टिकत,” मी म्हणाले. “अर्ध्या तासात संपतो. आधार देऊन पाहिला. औषधाने थोडा तग धरतो, पण मग बाकीचंच सगळं बिघडतं. नाही सर, दोष जन्मापासूनचाच आहे.”

सर म्हणाले, “सोडून देऊ आता, प्रज्ञा. धरून बसण्यात अर्थ नाही.”

“सोडून देऊ? बरं. पण सर, घरी काय सांगू?”

घरी म्हणजे माझ्या घरी. बाबा कंपनीतून रिटायर झाल्यापासून भेटेल त्याला सांगतात, लेक यंदा डॉक्टर होणार. गेली दोन वर्षं ‘यंदा’च चाललंय.

फोन ठेवला आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तेव्हा तो शेजारचा अगदी हळू आवाजात म्हणाला, “मॅडम, बारा नंबरचं काहीच नाही का होणार?”

आता मला सांगा, बारा नंबर म्हणजे काय हे आमच्या लॅबबाहेर कुणाला ठाऊक असणार? वर नवीन मुलं आली होती. त्यांच्यातलाच असेल, असं मी धरून चालले.

“नाही हो. सगळं करून झालं.”

“पण सकाळी तर बरं वाटत होतं.”

“मलाही सकाळी बरंच वाटत होतं.”

त्याचे डोळे भरून आले. “किती वेळ आहे?”

“अर्धा तास. फार तर.”

डबा तिथेच टाकून तो पळत सुटला. मी मनात म्हटलं, दुसऱ्याच्या प्रयोगासाठी एवढं रडू आलं बिचाऱ्याला, याचं संशोधनात कसं व्हायचं. आणि वर जाऊन भांडी धुवायला लागले.

खाली काय झालं ते मला नंतर कळलं. वॉर्डातल्या बारा नंबरच्या कॉटवर आप्पा होते, चाकणच्या पुढच्या एका गावचे. ताप छातीत उतरला होता, पण आता उतार होता आणि सोडायची भाषा चालली होती. हा त्यांचा मुलगा संतोष, चाकणला कंपनीत शिफ्ट करणारा. डॉक्टरीणच रडतेय म्हटल्यावर त्याने तरी काय समजायचं? त्याने गावाकडे फोन केला आणि अख्खी भावकी टेम्पोत बसून निघाली.

चाकणच्या ट्रॅफिकमधून अर्ध्या तासात कोण पोहोचतं? ते आले तेव्हा तो अर्धा तास केव्हाच उलटला होता, आणि आप्पा उशीला टेकून उपमा खात होते. तेव्हा कुणीतरी म्हणालं, जीव अडकलाय. कुणात अडकलाय यावर चर्चा झाली. देहूरोडला त्यांचा धाकटा भाऊ राहतो, तात्या. बांधावरून दोघांचं बोलणं तुटलेलं. मग तात्याला फोन गेला.

तात्या रडतच आला. हातात बाटली, बाटलीत इंद्रायणीचं पाणी. आत्ताच्या इंद्रायणीचं. ते तोंडात पडलं असतं तर माझा शब्द खरा झाला असता.

आप्पा सगळ्यांकडे बघत म्हणाले, “आरं, मला झालंय तरी काय?”

“काही न्हाई, पडा तुमी,” सगळे एकदम म्हणाले. त्यानंतर आप्पांनी उपम्याची डिश बाजूला ठेवली. घाबरले ते. कपाळावर घाम आला.

ते बघून संतोष सिस्टरकडे गेला. “आम्ही घरी नेतो यांना. आपल्या दारात जाऊ दे. सही कुठे करायची?” सलाईनची सुई काढा म्हणून मागे लागला. सिस्टर चक्रावल्या. कुणी सांगितलं तुम्हाला हे? तर म्हणे, बाहेरच्या डॉक्टर मॅडमनी.

मला खाली बोलावलं. संतोषला कॉटशेजारी बघितलं, कॉटवरचा आकडा बघितला आणि सगळा घोळ माझ्या लक्षात आला. सगळ्यांसमोर सांगितलं, मी पेशंटच्या डॉक्टरांपैकी नाही, मी बोलत होते तो बारा नंबर वेगळा होता, हे बरे आहेत. वॉर्डाचे डॉक्टर म्हणाले, “उद्यापासून एप्रन वर काढून ठेवून खाली येत जा.” बरोबरच होतं त्यांचं.

“मंजी ह्यो मरत न्हाई?” तात्याने विचारलं.

“नाही.”

त्याने बाटलीचं झाकण घट्ट लावलं. “उगा रडाया लावलं,” म्हणाला, आणि चहालाही न थांबता निघून गेला. आप्पा बराच वेळ दाराकडे बघत होते. हसू नका, ते मला अजून लागतं.

आप्पांची बायको मात्र माझ्याजवळ आली. “मंग गेलं कोण, बाई?”

प्रोटीन, पेशी असं काहीतरी सांगायला लागले, पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून सोडून दिलं. “माझा होता एक,” एवढंच म्हणाले. “जन्मतःच सरळ नव्हता.”

“आन् तुमीच केलं त्याचं समदं?”

“सहा वर्षं.”

“आन् तरी न्हाई ऱ्हायला?”

मी मान हलवली. त्यांनी मला जवळ घेतलं. त्या वॉर्डात, आप्पांच्या अख्ख्या भावकीसमोर, मी एका प्रोटीनसाठी हुंदके देऊन रडले. दोन बायका माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या. संतोषने पाणी आणून दिलं.

पुढच्या आठवड्यात आप्पांना सोडलं. मी जिन्यावरून उतरत होते, एप्रनशिवाय, तर समोर त्या आजी, आप्पांची बायको, पेढे वाटत होत्या. सिस्टरना दिले, मावशींना दिले, लिफ्टवाल्याला दोन दिले. माझ्यापाशी आल्या आणि बॉक्सवर पदर ओढला.

“तुमाला न्हाई देत, बाई,” म्हणाल्या. “तुमच्याकडं दुःखाचं हाय अजून. तोंड गोड करा म्हनून कसं म्हनू?”

तेव्हा तरी सांगायचं ना नीट समजावून? पुढे केलेला हात मी मागे घेतला आणि मनात दिवस मोजले. खरंच, त्याचा दहावासुद्धा झाला नव्हता.