दोघींची खोप

कॉलेजात मी अकरावीला समाजशास्त्र शिकवते. कुटुंबाचे प्रकार हा धडा आला की माझं डोकं उठतं. एकत्र, विभक्त, एकल पालक. पोरं धडाधड पाठ करतात. माझं माहेर यातल्या कुठल्या खान्यात बसवायचं, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

घाटनांदूरजवळ आमचं शेत. वडिलांना दोन बायका. थोरलीला मूल झालं नाही म्हणून धाकटी आणली आणि धाकटीला मी एकटीच मुलगी झाले. मी शाळेत असताना वडील गेले. आता या सवती एकमेकींच्या झिंज्या उपटणार, अशी गावाला फार आशा होती. दोघींनी गावाचा हिरमोड केला. थोरली रानात राबायची, धाकटी गुरं आणि घर बघायची, आणि मला रागावायचा हक्क दोघींनाही सारखाच होता. मला ते घर कधी अपुरं वाटलं नाही. अपुरं वाटायचं ते गावाला.

विशेषतः येळवशीला. त्या अमावस्येला आमच्याकडे जो तो आपापल्या रानात कडब्याची खोप घालतो, पूजा करतो आणि येईल त्याला भाज्या-शेंगांची भज्जी आणि आंबील जेवू घालतो. आंबिलीचं मडकं घोंगडी पांघरून, डोक्यावर घेऊन रानात न्यायचं ते घरच्या पुरुषानं. आमच्या घरात पुरुष नव्हता म्हणून चुलता यायचा. मग एका साली तो म्हणाला, "दोन खोपी कावून घालायच्या? बांधाला बांध हाय. माझ्याच रानात या की समद्या." दोघींना त्यात माया दिसली. कडबा वाचला, दगदग वाचली.

त्यानंतर आमच्या रानात खोप उभी राहिली नाही. खोप नाही त्या रानाला धनी नाही, असं आमच्याकडे कुणी बोलून दाखवत नाही, पण सगळे तसंच धरून चालतात. हळूहळू लोक आमच्या रानालाही चुलत्याचंच रान म्हणू लागले. गेल्या पावसाळ्याच्या तोंडाला त्यानं मधला बांधच नांगरून टाकला. थोरली भांडायला गेली, तर चारचौघांनी तिलाच विचारलं, "तुमची खोप कवा बघितली कुनी?" कागदावर नावं आम्हा तिघींचीच होती. तिनं तसं सांगितलं, तर लोक हसले.

म्हणून या येळवशीला थोरलीनं इरेला पेटून खोप घातली. धाकटीनं मोठं पातेलं भरून भज्जी शिजवली, घरोघर जाऊन आवतन दिलं. मडकं थोरलीनं स्वतः डोक्यावर घेतलं, वडिलांची घोंगडी पांघरून, आणि भर गावातून निघाली. बायका दारात येऊन बघत राहिल्या. एकानं तर मोबाइल काढून शूटिंग केलं. मला तिचा इतका अभिमान वाटला की रडूच फुटलं.

जेवायला कुणी आलं नाही. पलीकडे चुलत्याच्या खोपीपुढं पंगतीवर पंगत उठत होती. धाकटी पातेल्यावरचं झाकण उगाच काढायची आणि पुन्हा ठेवायची. दुपारी अंबाजोगाईहून माझा नवरा मोटारसायकलवर येताना दिसला. मी पत्रावळ मांडली. गाडी सरळ चुलत्याच्या रानाकडे वळली. फोन केला तर म्हणाला, "अगं, सगळी माणसं इथंच आहेत. तुम्हा बायकांत मी एकटा काय बसू? तुम्हीच या इकडं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एवढी वर्षं या दोघींच्या हातचं जेवलेला माणूस! त्याला ओढतच आणायचं म्हणून मी निघाले, तर थोरलीनं माझा हात धरला.

"ऱ्हाऊ दे. बोलवू नगंस. ते हितं जेवले, तर उद्या गाव म्हनंल, रान आता जावयाचं हाय."

ती खरं बोलत होती, आणि मला सगळ्यांत जास्त राग त्याचाच आला. आम्ही तिघी जेवायला बसलो.